एका नाटकाची तीन नाटकं

माझं नाटक एकच होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली लोक मला रस्त्यात अडवून "तीन नाटकांची कल्पना तुम्हाला सुचली कशी हो?" असं विचारतात आणि मी उगाचच लांब कुठेतरी बघतो. वर्तमानपत्रात तर ‘नाट्यत्रयी’ असा शब्द छापून आला. तो वाचून माझ्या बायकोने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट्याने अंघोळीला निघून गेलो. खरं म्हणजे मला काहीही सुचलं नव्हतं. मी फक्त घाबरलो होतो.

नाटक अगदी साधं होतं. नवरा, बायको, दिवाणखाना, सोफा, आणि राहतं घर विकायचं की नाही यावरून दोन अंक भांडण. विनोदी. आमच्या शहरातल्या नाट्यसंस्थेत नवरा-बायको म्हटलं की माणसं दोनच: डॉक्टर आणि बाई. डॉक्टर दातांचे. बाई म्हणजे पाणीपुरवठा कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकारी. हे दोघं इतकी वर्षं रंगमंचावर नवरा-बायको होते की एकदा वाण्याने डॉक्टरांची साखर बाईंच्या घरी पोचवली होती. डॉक्टरांची खरी बायको आणि बाईंचे खरे यजमान प्रत्येक प्रयोगाला पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसायचे आणि मध्यंतरात एकमेकांना खोकल्याच्या गोळ्या द्यायचे.

आता माझी परिस्थिती सांगतो. मी त्याच पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागात आहे. लोक येतात, पाणी आलं नाही म्हणून माझ्यावर ओरडतात, मी लिहून घेतो. माझे संवाद जिवंत असतात असं जे म्हणतात, त्याचं कारण एवढंच. माझ्या बढतीचा कागद त्या दिवसांत बाईंच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. आणि माझी उजवीकडची दाढ डॉक्टरांनी अर्धी कोरून, आत तात्पुरतं सिमेंट भरून ठेवली होती. म्हणजे माझी दाढ एकाच्या हातात आणि बढती दुसरीच्या. अशा माणसाने नाटक वाचनाला घेऊ नये. मी घेतलं.

वाचन संस्थेच्या खोलीत झालं. मी शेवटचं वाक्य वाचलं, मान खाली घातली आणि कौतुकाची वाट पाहत बसलो. डॉक्टर घसा साफ करून म्हणाले, "ठीक आहे. फक्त मला वाटतं, बायकोच्या भूमिकेला या वेळी एखादी नवीन मुलगी घ्यावी. बाईंना आपण सासू देऊ. भूमिका लहान आहे, पण भारदस्त आहे."

खोलीतला पंखा सुद्धा जरा हळू फिरला असावा.

बाई शांतपणे म्हणाल्या, "चालेल की. मी सासू करते. पण मग डॉक्टरांना जावई म्हणून दाखवायचं, तर प्रेक्षकांना आधी चार ओळींचं निवेदन द्यावं लागेल. नाहीतर लोकांना वाटेल, सासूचे वडील आलेत."

कुणीतरी हसलं. कोण हसलं ते अजून बाहेर आलेलं नाही, पण ते हसणं आम्हाला फार महागात पडलं. डॉक्टर उठले, छत्री घेतली आणि "यांच्याबरोबर मी पुन्हा रंगमंचावर उभा राहणार नाही," म्हणून निघून गेले. "माझंही तेच समजा," असं म्हणून बाई दुसऱ्या दाराने गेल्या. खोलीला दोन दारं होती ही एक सोय. मागे संस्थेचे चिटणीस, मी आणि नाटक उरलो. चिटणीस मला म्हणाले, "तुमचं नाटक चांगलं आहे हो. भांडण जमलंय."

घरी येताना जिन्यात काका भेटले. काका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. सगळी नोकरी हवामान खात्यात झाली, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही ते बोलतात ते अंदाजच. मी झालेला प्रकार सांगितला. त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतला.

"लक्षणं बरी नाहीत," ते म्हणाले. "एकीकडून कार्यालयाचा दाब, दुसरीकडून दवाखान्याचा. मध्ये तू. अशा वेळी काय होतं माहितीये?"

"काय होतं?"

"ते नंतरच कळतं," काका म्हणाले आणि वर निघून गेले. त्या दिवसापासून मला जिना चढायची भीती बसली.

दोन दिवसांत दाढ ठणकायला लागली. नाइलाजाने दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मला खुर्चीत आडवं केलं, तोंडात कापूस कोंबला, आरसा घातला, नळी लावली आणि मग नाटकाचा विषय काढला. दातांच्या डॉक्टरांशी वाद घालता येत नाही याचं कारण तुम्हाला त्या खुर्चीत कळतं.

"लेखका, मी विचार केलाय. तुझ्या नाटकातली बायको माहेरी गेलीये असं दाखव. नवरा एकटाच. घर विकायचं की नाही, हे तो एकटा ठरवतोय. गिऱ्हाईक येतं, दलाल येतो, शेजारी येतो. बायको नाहीच. कसं वाटतं?"

मी म्हणालो, "आं... आं!" म्हणजे, असं कसं होईल, सगळं नाटकच भांडणाचं आहे.

"तुला आवडणार हे माहीत होतं," डॉक्टर म्हणाले आणि यंत्र सुरू केलं. "नाव पण सुचलंय. ‘ही घरी नाही’. कबूल?"

"आं!!"

"ठरलं तर मग." आणि त्यांनी पुन्हा तात्पुरतंच सिमेंट भरलं. "कायमचं नाटक झाल्यावर करू."

दुसऱ्या दिवशी कार्यालयात बाईंनी बोलावलं. ही बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली देव जाणे. आमच्या शहरात पाणी पोचत नाही, पण बातमी पोचते. त्यांच्यासमोर फायलींचा ढीग होता आणि सगळ्यात वर माझा कागद. त्या त्याच्याकडे बघतही नव्हत्या. हेच जास्त भयंकर होतं.

"मी ऐकलं, तुम्ही डॉक्टरांसाठी वेगळं नाटक लिहिताय."

"म्हणजे मॅडम, मी लिहितोय असं नाही. ते होतंय."

"मग माझ्यासाठीही होऊ दे. नवरा दौऱ्यावर गेलाय. बायको एकटी. घर विकायचं की नाही, ती ठरवेल. आणि दलालाला कशी वागवेल ते बघाच तुम्ही. ‘हे घरी नाहीत’. कसं आहे नाव?"

"छान आहे मॅडम."

"बसा ना, उभे का?"

मी उभाच राहिलो. बसलो असतो तर उठता आलं नसतं.

अशी एकाची दोन झाली. मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे नवऱ्याच्या वाक्यांचं एक नाटक आणि बायकोच्या वाक्यांचं एक?"

"हो."

"एकमेकांचं न ऐकता?"

"हो."

"मग यात नवीन काय लिहायचंय?" ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. बायको संस्थेत प्रॉम्प्टर आहे. विंगेत स्टुलावर बसून नटांना विसरलेली वाक्यं पुटपुटत सांगायची, हे तिचं काम. माझ्या मते हे तिला लग्नामुळे जमलं.

मी सुटलोच असतो, पण नाट्यगृहाचे व्यवस्थापक होते. आमच्या संस्थेला नाट्यगृहाचे शनिवार सवलतीत मिळतात, आणि त्याचा नियम असा, की संस्थेने हंगामात तीन नवी नाटकं केली पाहिजेत. नाहीतर शनिवार जातात. टॉवेल आणि चादरींचा घाऊक सेल लावणारा एक माणूस या शनिवारांवर केव्हाचा टपून बसलेला होता. तो अधूनमधून येऊन प्रेक्षागृहाची लांबी पावलांनी मोजून जायचा. बाकीच्या लेखकांनी ऐनवेळी अंग काढून घेतलं होतं. मी आणि चिटणीस व्यवस्थापकांकडे गेलो.

"दोन नाटकं आहेत," चिटणीस म्हणाले.

"दोन म्हणजे तीन नव्हेत," व्यवस्थापक म्हणाले.

"पण गेल्या हंगामात आम्ही एकच केलं होतं. तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"एक असतं तेव्हा बोलण्यासारखं काही नसतं. ते अपयश असतं. दोन झाली की तिसऱ्याची अपेक्षा करता येते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लेखक तुम्हीच ना? पहिल्यात ही नाही, दुसऱ्यात हे नाहीत. तिसऱ्यात दोघं आहेत. सोपं आहे. नाव टाका, ‘दोघंही घरी आहेत’."

चिटणीसांनी तिथल्या तिथे ते लिहून दिलं. आयुष्यात माझ्या एकाही नाटकाचं नाव मी ठेवलेलं नाही, हे लोकांना माहीत नाही.

बाहेर येऊन मी चिटणीसांना विचारलं, "पण ते दोघं एकत्र उभे कसे राहणार?"

"ते तिसऱ्या नाटकाच्या वेळी बघू," ते म्हणाले. संस्था चालवणारी माणसं अशीच टिकतात.

तालमी सुरू झाल्या. नेपथ्याला सोफा हवा होता. भाड्याचा सोफा चिटणीसांना पसंत पडेना. त्यांना "मध्यमवर्गीय, पण मार खाल्लेला" सोफा हवा होता. ते सहज म्हणून आमच्याकडे चहाला आले, सोफ्यावर बसले, एकदा उसळले आणि म्हणाले, "हाच!" दुसऱ्या दिवशी हातगाडी आली. मग मध्यमवर्गीय कपाट गेलं. मग टीपॉय. आम्ही सतरंजीवर बसून जेवायला लागलो. पाहुणे आले की बायको म्हणायची, "फर्निचर नाटकात काम करतंय." काका एकदा डोकावून रिकामा दिवाणखाना बघून गेले आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत झालं, की आम्हीच घर विकतोय. एक दलाल खरोखरच येऊन गेला.

पहिलं नाटक लागलं. डॉक्टर एकटे. प्रेक्षक हसत होते, पण मी विंगेत उभा राहून होरपळत होतो. डॉक्टर माझी वाक्यं म्हणतच नव्हते! सुरुवात माझी, शेवट त्यांचा. कधी कधी सुरुवातही त्यांचीच. "हे घर दक्षिणेकडे तोंड करून उभं आहे" या वाक्यावर मी एक रविवार घालवला होता, ते म्हणाले, "हे घर... उभं आहे." बस. घर उभं आहे. माझी बायको इतक्या मोठ्याने सांगत होती की चौथ्या रांगेतून एकाने ओरडून म्हटलं, "वहिनींना बाहेर बोलवा, त्या चांगलं करतायत!" हशा झाला. डॉक्टरांनी हसून त्याला नमस्कार केला. हा माणूस माझी खिल्ली उडवतोय, अशी माझी खात्री पटली. दाढ नसती तर मी त्यांना काहीतरी नक्की बोललो असतो.

पडदा पडल्यावर मी प्रेक्षागृहात डोकावलो, तर शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड, बाई बसल्या होत्या. ज्यांनी या नाटकाच्या आसपास फिरकणार नाही म्हणून सांगितलं होतं, त्या! त्या हसत नव्हत्या. हातातला रुमाल घट्ट पिळत बसल्या होत्या. मला पाहिलं आणि निघून गेल्या. आपल्या कागदाचं आता काय होणार, हा एकच विचार.

दुसरं नाटक बाईंचं. त्यांनी प्रत्येक शब्द जसाच्या तसा म्हटला. एक विराम चुकला नाही. मला अभिमान वाटायला हवा होता, पण लोक थोडे कमी हसले, आणि याचा अर्थ काय, हे मी स्वतःला विचारायचं टाळलं. प्रेक्षक बाहेर पडताना एकमेकांना विचारत होते, "पण तो नवरा आला की ही काय करेल?" तिसऱ्याची तिकिटं त्याच संध्याकाळी खपायला लागली. चादरीवाला तेव्हापासून दिसला नाही.

आता दोघांना एकत्र आणायचं होतं. चिटणीसांनी आपल्या रीतीप्रमाणे मला पुढे केलं. डॉक्टर म्हणाले, "करीन. पण तालमी वेगवेगळ्या. प्रयोगातच काय ते भेटू." त्या दिवशी त्यांनी माझी दाढ कायमची बंद केली, सिमेंट न भरता सोन्यासारखं काम केलं, आणि एक शब्द बोलले नाहीत. मला बरं वाटायला हवं होतं; उलट जास्तच भीती वाटली.

बाई तर लगेच हो म्हणाल्या. "फक्त एक. मला डॉक्टरांची वाक्यंही द्या. सगळी."

"मॅडम, सगळी कशाला?"

"पाठ करायचीत."

मी केबिनच्या बाहेर येऊन हिशेब मांडला. तालमी वेगवेगळ्या, आणि बाईंना समोरच्याची वाक्यं पाठ! म्हणजे भर रंगमंचावर डॉक्टर चुकले की त्या तिथेच दुरुस्त करणार. कार्यालयात त्या असंच करतात. लाल पेनाने, सगळ्यांसमोर. मी दोनदा त्यांच्याकडे विनवणी करायला गेलो. दोन्ही वेळा तोंडातून शब्द फुटेना आणि दोन्ही वेळा मी किरकोळ रजेचा अर्ज देऊन परत आलो. दोन्ही मंजूर झाले.

काकांना विचारलं. ते म्हणाले, "वादळ." प्रथमच त्यांनी एवढं स्पष्ट सांगितलं होतं.

तिसऱ्या नाटकाच्या दिवशी प्रेक्षागृह गच्च भरलं होतं. दोघं रंगमंचावर आले तेव्हाच लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिला अंक कसाबसा पार पडला. दोघं एकमेकांकडे न बघता भांडत होते. लोकांना वाटलं, काय अभिनय आहे! मध्यंतरात मी विंगेत स्टुलापाशी जाऊन बायकोला म्हटलं, "पुन्हा वाक्यं बदलतायत बघ डॉक्टर. मुद्दाम!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "अहो, मुद्दाम नाही. ते विसरतात."

"म्हणजे?"

"म्हणजे विसरतात. मागच्या वर्षीपासून. बोलता बोलता त्यांचे डोळे माझ्याकडे येतात, ते तुम्हाला दिसत नाही. नवीन मुलगी हवी होती ना त्यांना? नवीन मुलीला कुठे कळणार होतं, काय चुकलं ते. बाईंना कळलं असतं."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही तर आपली वाक्यं गेली कुठे तेच शोधत होतात."

"आणि बाईंना हे माहीत आहे?"

"नाहीतर डॉक्टरांची वाक्यं कशाला मागून घेतली असती?" बायको म्हणाली. तेवढ्यात घंटा झाली.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी नवऱ्याचं एक मोठं भाषण आहे. घर का विकायचं नाही, ते तो सांगतो. या भाषणासाठी मी जीव काढला होता. "या भिंतींनी माझ्या आयुष्याचा प्रत्येक श्वास आपल्या उरात साठवून ठेवला आहे," अशी सुरुवात. डॉक्टर पुढे आले. तोंड उघडलं. "घर विकायचं नाही," म्हणाले. "कारण..."

आणि थांबले.

बायकोने पुटपुटून सांगितलं. मग मोठ्याने सांगितलं. पण डॉक्टर सोफ्याच्या पुढे, थेट प्रेक्षकांसमोर होते आणि मान इकडे वळतच नव्हती. त्यांचा एक हात पुढे केलेला तसाच राहिला होता. त्याच हाताने ते रोज किती लोकांच्या तोंडात सुया घालतात, आणि आता तो हात कुठे न्यायचा तेच त्यांना आठवत नव्हतं. पहिल्या रांगेत त्यांची खरी बायको पुढे सरकून बसली. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. मला दिसलं, की बाई सोफ्यावरून उठतायत. मी डोळे मिटून घेतले.

"कारण काय, मी सांगते," बाईंचा आवाज आला. "बोला म्हटलं की बोलायचं नाही, आणि झोपेत मात्र सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं बडबडायचं. घर विकलं तर भांडायला जागा कुठे राहील! हेच ना?"

हशा उसळला. मी डोळे उघडले. डॉक्टर त्यांच्याकडे बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदाच.

"हेच," डॉक्टर म्हणाले.

"आणि?"

"आणि..." ते पुन्हा अडले. मग ते हळूच म्हणाले, "तूच सांग. तुला माझं सगळं पाठ आहे."

हे वाक्य माझं नव्हतं. पहिल्या अंकात नव्हतं, दुसऱ्यात नव्हतं, कुठेच नव्हतं. बाईंनी पुढे होऊन तो हात खाली घेतला आणि आपल्या हातात धरला. "आणि भाड्याच्या घरात मोठ्याने बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुमचा चष्मा नव्या घरात कुठे ठेवला ते मला पहिल्यापासून शिकावं लागेल. आणि आता वय नाही माझं ते शिकायचं." लोक हसले, पण हसणं मध्येच कुठेतरी थांबलं, आणि मग टाळ्या सुरू झाल्या त्या पडदा पडेपर्यंत थांबल्या नाहीत. वर्तमानपत्राने ज्या प्रसंगाला ‘लेखकाच्या प्रतिभेचा कळस’ म्हटलं, तो हा प्रसंग.

प्रयोगानंतर मी मेकअपच्या खोलीत गेलो. डॉक्टर आरशासमोर कापसाने रंग पुसत होते. पडद्यापलीकडे बाई कुणाला तरी साडीच्या पिनांवरून बोलत होत्या. आवाज नेहमीचा, कार्यालयातला. डॉक्टरांनी मला आरशातच पाहिलं.

"लेखका, दार लाव जरा."

मी लावलं.

"त्या जागेवर मूळ वाक्य काय होतं रे?"

मला ते पूर्ण पाठ होतं. भिंती, श्वास, उरात साठवणं, सगळं. मी तोंड उघडलं. आरशात डॉक्टरांचा एक गाल गुलाबी होता आणि एक म्हातारा.

"तेच होतं, डॉक्टर," मी म्हणालो. "बाई म्हणाल्या तेच."

त्यांनी कापूस बदलला. मग दुसरा गाल पुसायला लागले. "चांगलं लिहितोस," ते म्हणाले. "तुला कधी बोललो नव्हतो."

बाहेर विंगेत माझी बायको स्टुलावर बसून संहितेचं शेवटचं पान उघडून बघत होती. दार लावलेलं असलं तरी तिला सगळं ऐकू आलेलं असतं. माझ्या त्या भाषणावरून तिने बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत, मग माझ्याकडे पाहिलं.

"पुढच्या शनिवारी इथे बाईंची वाक्यं लिहिलेली लागतील ना," ती म्हणाली. "पेन्सिल आहे?"

मी खिशातून काढून दिली.